उसाचे पेट्रोल, टर्बोची गाडी

वाचक विचारतात

बेळगाव, निपाणी, खानापूर, अथणी या भागांतून गाडीच्या सदराकडे आलेल्या पत्रांत सध्या एकच विषय आहे: पंपावरचे ई-२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, आणि महागडी टर्बो गाडी. शेतात ऊस, तालुक्यात कारखाना, कारखान्याला लागून डिस्टिलरी आणि दारात चाळीस-पन्नास लाखांची गाडी, अशी घरे आपल्याकडे आता कमी नाहीत. त्यामुळे या प्रश्नांत भीतीही आहे आणि आपुलकीही. निवडक पत्रांना उत्तरे देत आहोत.

माझी २०२१ ची दोन लिटर टर्बो पेट्रोल जर्मन सेडान आहे. पेट्रोलच्या झाकणाच्या आत गोल चिन्हात ई-५ आणि ई-१० लिहिलंय, ई-२० नाही. इथं सगळ्या पंपांवर ई-२०च मिळतं. इंजिन जाणार का? शंभर ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरत राहू का? (निपाणी)

आधी त्या गोल चिन्हाचा अर्थ पाहू. ते युरोपातले चिन्ह आहे. तिथे २०१८ च्या ऑक्टोबरपासून पेट्रोलला गोल आणि डिझेलला चौकोन अशी खूण ठरली. युरोपच्या पेट्रोल मानकात इथेनॉलची कमाल मर्यादा दहा टक्के आहे, म्हणून तिथल्या झाकणावर त्यापुढचा आकडा येतच नाही. म्हणजे ‘ई-२० वर तपासली आणि नापास झाली’ असा त्या चिन्हाचा अर्थ नाही. पण ‘चालेल’ असाही नाही. खरे उत्तर गाडीच्या पुस्तकात, इंधनाच्या पानावर असते. काही बीएमडब्ल्यू गाड्यांच्या पुस्तकात कमाल २५ टक्के इथेनॉलपर्यंतचे पेट्रोल चालेल असे स्पष्ट छापले आहे. तुमच्या पुस्तकात तसे वाक्य असेल तर काळजी तिथेच संपली. ‘कमाल १० टक्के’ असे असेल तर चॅसिस नंबर देऊन कंपनीकडून लेखी उत्तर मागा. काउंटरवरच्या तोंडी ‘काही होत नाही साहेब’ला वॉरंटीच्या वेळी किंमत नसते.

आता इंजिनात काय होते ते. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: पेट्रोलला लागणारे भाग आणि पेट्रोल मोजणारा संगणक. २०२१ च्या सरकारी आराखड्यात म्हणूनच दोन टप्पे होते. एप्रिल २०२३ पासून भाग ई-२० ला टिकणारे आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनही ई-२० ला जुळवलेले. तुमच्या गाडीत प्लॅस्टिकची टाकी, नायलॉनच्या नळ्या, इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी स्टेनलेसची नळी, म्हणजे रेल, आणि फ्लुरोरबरची सील असण्याची शक्यता मोठी आहे. हे साहित्य इथेनॉलला दबत नाही. दबतात ते साधे नायट्राइल रबर, कॉर्क, जस्त आणि शिशाचा मुलामा दिलेला पत्रा. ते जुन्या गाड्यांत सापडतात.

मोजणीचे गणित असे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणून तेवढ्याच हवेसाठी ई-१० पेक्षा ई-२० साधारण चार टक्के जास्त ओतावे लागते. संगणक ऑक्सिजन सेन्सरचे वाचन घेऊन हे स्वतः भरून काढतो. या भरपाईला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि तिची मजल पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते. त्यात चार टक्के म्हणजे फार नव्हे. ते चार टक्के तुमच्या गाडीत खरोखर चारच आहेत का, एवढे बघायचे.

एक साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून त्याचे आकडे दाखवणारे यंत्र, घ्या. इंजिन पूर्ण तापल्यावर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ तीन वेळा वाचा: आयडलला, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला आणि हायवेवर ८० च्या स्थिर वेगाला. हायवेवर वाचायचे काम शेजारी बसलेल्याने करायचे. तिन्ही ठिकाणी शून्य ते अधिक सहा दिसले तर गाडी ई-२० शी जुळली आहे. आयडलला अधिक दहा-बारा आणि वेग वाढला की कमी होत असेल, तर कुठून तरी चोरटी हवा येते आहे. टर्बोकडून येणारी रबरी नळी, तिचा क्लॅम्प आणि इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा आधी तपासा. उलट आयडलला ठीक आणि भार पडला की आकडा चढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठाच कमी पडतो आहे: टाकीतला पंप थकला आहे, फिल्टर चोंदला आहे किंवा इंजेक्टर जाम झाले आहेत. हे दोष ई-२० ने निर्माण केलेले नसतात. आधीपासून असतात, ई-२० त्यांना उघडे पाडते. त्यानंतर मिश्रणात पेट्रोल कमी पडते असे सांगणारा पी-०१७१ हा कोड येतो आणि दोष पेट्रोलला दिला जातो.

टर्बो इंजिनाला ई-२० चा एक खरा फायदाही आहे. इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषते. थेट सिलिंडरात फवारा मारणाऱ्या इंजिनात ही थंडाई नेमकी हवी तिथे मिळते. शिवाय मानकाप्रमाणे ई-२० चे ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची ताकद, किमान ९५ असते. आपल्याकडे पूर्वी साध्या नोझलला ९१ चे पेट्रोल मिळायचे. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात चाळीस अंशांत पूर्ण दाबाने चालणाऱ्या टर्बोला ९१ च्या पेट्रोलवर संगणक ठिणगी मागे ओढत, म्हणजे उशिरा पाडत असे, आणि गाडी जड वाटे. ते आता कमी होते.

शंभर ऑक्टेनचे पेट्रोल रोज भरण्याची गरज नाही. तुमची गाडी ९५ किंवा ९८ मागत असेल तर त्यापुढचे ऑक्टेन तिला वापरताच येत नाही. बिनइथेनॉलचे पेट्रोल खरोखर उपयोगी पडते ते गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तेव्हा. ९५ ऑक्टेनचे ‘प्रीमियम’ म्हणजे बिनइथेनॉलचे, असे मात्र समजू नका. कशात किती इथेनॉल आहे हे घरी कसे तपासायचे ते पुढच्या उत्तरात आहे.

आम्ही कागलचे. पेट्रोल स्वस्त म्हणून कोगनोळीला येऊन भरतो. कर्नाटकात इथेनॉल जास्त घालतात म्हणून स्वस्त, असं लोक म्हणतात. खरं का? (कागल)

नाही. फरक दोन्ही राज्यांच्या करांचा आहे. इथेनॉल दोन्हीकडे तेवढेच, वीस टक्के. शंका असेल तर मोजा. ब्राझीलमध्ये पंपावर हीच चाचणी करतात.

झाकणाचा १०० मिलीचा काचेचा मोजसिलिंडर घ्या. ५० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट भरलेला एक चमचा, पूर्ण विरघळवा. सिलिंडरात आधी ५० मिली पेट्रोल आणि त्यावर हे मिठाचे पाणी १०० च्या खुणेपर्यंत घाला. झाकण लावून दहा वेळा सावकाश उलटे-सुलटे करा, मध्ये एकदा झाकण सैल करून वाफ सोडा आणि पंधरा मिनिटे स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, त्यामुळे खालचा थर वाढतो. तो ५० वरून जितका वर गेला तो आकडा दुप्पट करून एक मिळवा. खालचा थर ५९.५ वर आला, तर वाढ ९.५, दुप्पट १९, अधिक एक, म्हणजे २०. थर जागचा हललाच नाही तर इथेनॉल नाही. पाण्यात खाण्याच्या रंगाचे दोन थेंब टाकले की रेघ स्वच्छ दिसते. हे उघड्या अंगणात करा. स्वयंपाकघरात नको, आणि जवळ विडी-सिगारेट नको. चाचणीचे पेट्रोल परत टाकीत ओतू नका, त्यात आता मिठाचे पाणी आहे.

पंपावर घनता तपासून मागणे हा तुमचा हक्क आहे. टँकर उतरवताना नोंदलेल्या घनतेपेक्षा फरक घनमीटरला ३ किलोच्या आत असायला हवा. ग्राहक शांतपणे हायड्रोमीटर मागतो तेव्हा पंपावरचे लोकही शांतपणे देतात, असाच बहुतेक ठिकाणचा अनुभव आहे.

पूर्वी माझी एसयूव्ही लिटरला १२ द्यायची, आता १० देते. इथेनॉलनं वाट लावली ना? (टिळकवाडी, बेळगाव)

बारावरून दहा म्हणजे जवळजवळ सतरा टक्के घट. ई-१० वरून ई-२० ला गेल्यावर ऊर्जेच्या हिशेबाने साडेतीन-चार टक्के जातात, म्हणजे बाराचे साडेअकरा व्हायला हवेत. सरकारचाही अंदाज जुळवलेल्या गाडीला एक-दोन टक्के आणि इतरांना तीन ते सहा टक्के असाच आहे. उरलेले दीड किलोमीटर दुसरीकडे शोधा.

पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिनाचे तापमान राखणाऱ्या झडपेवर घ्या: ती उघडी अडकलेली असू शकते. बऱ्याच टर्बो इंजिनांत तो विजेवर चालतो आणि वयाने बिघडतो. तसे झाले की इंजिन ९० च्या पुढे न जाता सत्तरीतच राहते, संगणकाला वाटते अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. काट्यावर हे दिसत नाही, कारण बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. स्कॅनरवर कूलंटचे खरे तापमान पाहा. टिळकवाडीतून खडेबाजारात जायचे आणि यायचे, एवढाच रोजचा प्रवास असेल तर इंजिन तापेपर्यंत घर येते, हेही धरा. मोजणी टाकी ते टाकी करा: तोच पंप, तेच नोझल, पहिल्या कट-ऑफला थांबायचे, सलग तीन टाक्या. डॅशबोर्डवरचा सरासरीचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून काढलेला अंदाज असतो. हिशेब त्यावर करू नका.

आमचा ऊस जिथं जातो तिथल्या डिस्टिलरीत ओळख आहे. शुद्ध स्पिरिट मिळू शकतं. शेवटी पेट्रोलमध्येही हेच घालतात, मग गाडीत थोडं घातलं तर बिघडलं कुठं? (अथणी तालुका)

नका घालू. पहिले कारण कायद्याचे: डिस्टिलरीबाहेर परवान्याविना स्पिरिट नेणे हा अबकारी गुन्हा आहे, मग ते गाडीसाठी असो की आणखी कशासाठी. दुसरे कारण पाण्याचे, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

मळी किंवा रस आंबवून जो वॉश मिळतो त्यात अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आसपास असते. तो ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यांतून गेला की रेक्टिफाइड स्पिरिट मिळते, साधारण ९५ टक्के. इथे गाडी अडते. अल्कोहोल आणि पाणी या प्रमाणात एकाच तापमानाला एकत्र उकळतात, त्यामुळे कितीही वेळा पुन्हा उकळले तरी उरलेले पाणी निघत नाही. ते काढायला ती वाफ मॉलिक्युलर सिव्हमधून, म्हणजे पाण्याचा रेणू पकडून ठेवणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या दाण्यांमधून, दाबाखाली सोडावी लागते. त्यातून निघते ते ९९.५ टक्क्यांच्या वरचे निर्जल इथेनॉल. तेल कंपन्या फक्त हेच घेतात. त्यात आम्लता, क्लोराइड आणि तांबे किती चालेल याच्याही मर्यादा आहेत. ओळखीने कॅनमधून येते ते बहुतेक वेळा आधीच्या टप्प्यावरचे स्पिरिट असते.

आता ४५ लिटर ई-२० मध्ये ते पाच लिटर घातले असे धरा. इथेनॉल साडेसत्तावीस टक्क्यांवर गेले आणि टाकीत २५० मिली पाणी गेले. दुपारच्या उन्हात ते विरघळलेले राहीलही. पण मिश्रणाची पाणी पोटात ठेवण्याची ताकद थंडीत कमी होते, आणि पंपाच्या टाकीतून आलेले थोडे पाणी त्यात मिसळले की सगळेच एकदम तळाला बसते. शिवाय त्या स्पिरिटातली आम्ले आणि क्षार ॲल्युमिनियमच्या भागांना खातात. इंजेक्टरांना जोराने पेट्रोल पुरवणाऱ्या हाय-प्रेशर पंपाच्या आत धातूवर धातू घासतो तिथे वंगण म्हणून फक्त पेट्रोलच असते. पाणी मिसळलेल्या अल्कोहोलला ते जमत नाही. पंपावर एक ओरखडा पडला की त्याचा कीस रेलमध्ये आणि तिथून चारही इंजेक्टरांत जातो. हा खर्च एका एकराच्या उसाच्या बिलात मावत नाही.

तुमच्या उसाचे इथेनॉल तुमच्याच गाडीत जावे ही इच्छा चांगली आहे. पंपावरून भरले तरी ती पुरी होते.

जूनमध्ये पाऊस लागला की आम्ही गाडी खानापूरच्या घरी ठेवून मुलाकडं बेंगळुरूला जातो, दोन-अडीच महिने. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं म्हणतात. टाकी रिकामी ठेवू की भरून? (खानापूर)

भरून. पहिल्या कट-ऑफपर्यंतच भरा, वर थापून नाही. जास्तीचे पेट्रोल वाफ गोळा करणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाते आणि तो डबा निकामी होतो.

हवेतून पाणी ओढण्याची गोष्ट खरी आहे, पण आजच्या गाडीची टाकी जवळपास बंद असते. दोन-अडीच महिन्यांत जांबोटीच्या धुक्यातही त्या वाटेने फार पाणी जात नाही. पाणी येते ते मुख्यतः पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून, अतिवृष्टीत. ई-१० पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवते आणि ई-२० त्याहून थोडे जास्त. त्यापुढे गेले की अल्कोहोल आणि पाणी हातात हात घालून तळाला बसतात. वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन उतरते आणि गाडीच्या टाकीतला, तळाला तोंड असलेला पंप आधी खालचा थर ओढतो. गाडी झटके देते आणि बंद पडते.

म्हणून दोन गोष्टी करा. मोठा पाऊस झाल्यावर लगेच, विशेषतः सखल जागेतल्या पंपावर, किंवा टँकर उतरत असताना भरू नका. आणि भरल्यानंतर पाच-दहा किलोमीटरांत गाडी झटके देऊ लागली तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, ढकलून चालवू नका. बिल जपून ठेवा. मेकॅनिककडून टाकीकडून येणाऱ्या लो-प्रेशर नळीतून अर्धा लिटर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर ठेवा. दोन थर दिसले की पुरावा हातात आहे. पंपावर लावलेल्या पाटीवर तेल कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर असतो. तक्रार लेखी करा आणि त्या दिवशीची पाण्याच्या तपासणीची नोंद मागा. त्यानंतर पूर्ण टाकी उपसायची. त्यात चांगले पेट्रोल भरून ‘पातळ करणे’ हा उपाय नाही. ‘पाणी सुकवणारी’ बाटलीही नको, कारण तिच्यात बहुतेक वेळा अल्कोहोलच असते आणि तुमच्या टाकीत ते आधीच दहा लिटर आहे.

उभ्या गाडीला पेट्रोलपेक्षा बॅटरी आणि उंदीर यांचा धोका जास्त. बॅटरीला मेंटेनर लावा. परत आल्यावर बॉनेट उघडून नळ्या-वायरी हाताने तपासा, नाकाने वास घ्या आणि मगच स्टार्ट करा.

पुण्यातला एक ट्यूनर म्हणतो, ई-१०० मिसळून ई-३५ कर, मी स्टेज वन मॅप देतो, ताकद वीस टक्क्यांनी वाढेल. गाडी २०१९ ची, दोन लिटर टर्बो. करू का? (हिंडलगा)

मॅप म्हणजे पेट्रोल, ठिणगी आणि टर्बोचा दाब किती ठेवायचा हे इंजिनाच्या संगणकाला सांगणारा प्रोग्राम. कल्पना चुकीची नाही. जगभर टर्बो गाड्यांत इथेनॉल वाढवून ताकद काढतात, कारण त्याचे ऑक्टेन जास्त आणि थंडाई मोठी. प्रश्न तुमच्या गाडीचा पेट्रोलपुरवठा तेवढे देऊ शकतो का, हा आहे. ट्यूनरने त्यावर काही सांगितले नसेल तर त्याला पुढचा हिशेब दाखवा.

ई-१०० या नावाने २०२४ च्या मार्चपासून काही निवडक पंपांवर जे इंधन विकायला आले, त्यात इथेनॉल ९३ ते ९३.५ टक्के असते आणि बाकी थोडे पेट्रोल व मिश्रक. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे ते आले, पण मोजक्याच ठिकाणी. ४० लिटर ई-२० मध्ये १० लिटर ई-१०० घातले की इथेनॉल होते सुमारे साडेचौतीस टक्के. ई-१० च्या तुलनेत हे मिश्रण दहा टक्के जास्त ओतावे लागते. त्यावर ताकद वीस टक्क्यांनी वाढवायची म्हणजे हवा वीस टक्के जास्त. १.१ गुणिले १.२ म्हणजे १.३२. तुमच्या पंपाने आणि इंजेक्टरांनी कंपनीच्या हिशेबापेक्षा ३२ टक्के जास्त पेट्रोल द्यायचे.

हाय-प्रेशर पंप कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याने ढकलला जातो. म्हणजे एका ठरावीक आरपीएमला तो ठरावीकच पेट्रोल देऊ शकतो. संगणकाने कितीही मागितले तरी. इंजेक्टरलाही वेळ मर्यादित असतो: थेट फवाऱ्याच्या इंजिनात ठिणगीच्या आधी, पिस्टन वर येण्याच्या आत सगळे ओतून झाले पाहिजे. साध्या चालीला यातले काही जाणवत नाही, ट्रिम सगळे सांभाळून घेते. पण चोर्ल्याच्या चढात पूर्ण पाय दाबला की रेलचा दाब मागणीखाली घसरतो. नशीब चांगले असेल तर पी-००८७ कोड येऊन संगणक टर्बोचा दाब तोडतो. मॅपमध्ये ती सुरक्षा सैल केलेली असेल, आणि अनेक स्वस्त मॅपमध्ये ती केलेली असते, तर मिश्रण पातळ होऊन एक्झॉस्ट तापतो आणि व्हॉल्व्ह, टर्बाइन, पिस्टनची कड यांची पाळी येते.

दुसरा धोका पहिल्या दिवशी नाही, चौथ्या-पाचव्या टाकीला येतो. ई-१०० संपले, गावाला जाताना साधे ई-२० भरले, पण मॅप ई-३५ चा. ठिणगी आता त्या पेट्रोलला झेपणार नाही इतकी पुढे आहे. यावर एकच भक्कम उपाय आहे: फ्लेक्स-फ्युएल सेन्सर. तो लो-प्रेशर नळीत बसतो, पेट्रोल त्याच्या आतून वाहते आणि तो इथेनॉलच्या प्रमाणात ठोके देतो. सर्वांत प्रचलित प्रकारात इथेनॉल शून्य असेल तर ५० हर्ट्झ आणि शंभर टक्के असेल तर १५० हर्ट्झ. ई-२० ला ७० आणि ई-३५ ला ८५. मॅपने हा आकडा वाचून ठिणगी आणि टर्बोचा दाब स्वतः बदलला पाहिजे. सेन्सर नाही, किंवा सेन्सर बसवला पण मॅपला त्याचे ऐकूच येत नाही, असे काम घेऊ नका.

करायचेच असेल तर क्रम असा ठेवा. आधी ई-२० वरच, मॅप न बदलता, डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर, तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ६००० आरपीएम पूर्ण थ्रॉटलची नोंद घ्या. त्यात रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब, टाकीतल्या पंपाचा दाब, लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण), प्रत्येक सिलिंडरची मागे ओढलेली ठिणगी आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान या पाच रेघा हव्यात. मागितलेल्या दाबापेक्षा मिळालेला दाब कंपनीच्याच मॅपवर पाच-दहा टक्क्यांनी खाली असेल, तर विषय तिथेच बंद, आधी पुरवठा दुरुस्त करा. एखाद्या सिलिंडरची ठिणगी सतत तीन-चार अंश मागे जात असेल तर आधी प्लग आणि कॉइल. हे सगळे चांगले निघाले तरी आमचे मत असे: ई-१०० चा नाद सोडा आणि चांगल्या ट्यूनरकडून ई-२० वरच, माफक दाबाचा मॅप करून घ्या. ई-२० चे ऑक्टेन आणि थंडाई त्याला पुरेशी आहे, आणि हे पेट्रोल गोव्यापासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक पंपावर मिळते. वॉरंटी चालू असेल तर तेही नको. कंपनीच्या संगणकाला मॅप बदललेला कळतो, जुना मॅप परत टाकला तरी.

ई-२० वर ऑइल आणि प्लग लवकर बदलायचे का? (शहापूर, बेळगाव)

ऑइल, हो. थेट फवाऱ्याच्या टर्बो इंजिनात थंड असताना थोडे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. ई-२० मध्ये ओतायचे प्रमाण जास्त, म्हणून हेही थोडे जास्त. इंजिन पूर्ण तापले की ते उडून जाते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ते उडत नाही. कंपनी १५,००० किलोमीटर म्हणत असेल तर शहरी वापराला ८,००० किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला काढा. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला तर वाट पाहू नका. ऑइल गाडीच्या कंपनीने मान्य केलेल्या क्रमांकाचेच घ्या, त्यावर एपीआय एसपी असेल तर उत्तम. या दर्जात कमी आरपीएमला टर्बोच्या दाबाखाली होणारा अवेळी स्फोट टाळण्याची चाचणी असते.

प्लग ६०,००० ला सांगितले असतील तर ४०,००० ला बदला. इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन मात्र कुठल्याही पेट्रोलने किंवा बाटलीतल्या औषधाने जात नाही. या इंजिनात पेट्रोल त्या व्हॉल्व्हला शिवतच नाही.

२०११ ची टर्बो पेट्रोल लक्झरी गाडी बेंगळुरूहून स्वस्तात मिळतेय. ई-२० वर ही घ्यावी का? घेताना काय बघू? (संकेश्वर)

घेता येईल, पण पेट्रोलच्या वाटेवरच्या खर्चाची रक्कम भावातून आधी वजा करून. चौदा-पंधरा वर्षांच्या रबराचा भरवसा धरू नका, कंपनी कितीही मोठी असो.

गाडी रात्रभर थंड राहिलेली असताना बघायला जा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. बॉनेट उघडून स्टार्ट करायच्या आधी हाय-प्रेशर पंपाजवळ वास घ्या. सेल्फ तीन सेकंदांपेक्षा लांबत असेल तर टाकीतल्या पंपाची झडप दाब धरत नाही किंवा इंजेक्टर गळतो आहे. लो-प्रेशर नळीला गेज लावून बघा: बहुतेक इंजिनांत ४ ते ६ बार, आणि इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांत तो कोसळता कामा नये. डिपस्टिकची पातळी वर आणि ऑइलला पेट्रोलचा वास, म्हणजे हाय-प्रेशर पंपाचे आतले सील गेले असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर पेट्रोल कॅमशाफ्टवरून सरळ ऑइलमध्ये उतरते. अशी गाडी चालवत घरी आणू नका.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात बॉनेटखालच्या सगळ्या रबरी पेट्रोल नळ्या बदला. दुकानात ‘पेट्रोल पाइप’ मागितला की बऱ्याचदा साधा नायट्राइलचा मिळतो आणि तो ई-२० वर हळूहळू फुगून मऊ पडतो. नळीवर छापलेले वाचा: ‘एसएई जे३० आर९’ हवे, ‘आर७’ नको. क्लॅम्पही गोल पकडणारे इंजेक्शनचे घ्या. खाचा पाडलेल्या पट्टीचे नकोत, ते नळीचे वरचे आवरण कापतात. इथेनॉल जुन्या टाकीतला मळ सोडवते, म्हणून फिल्टर लगेच एकदा आणि तीन टाक्यांनंतर पुन्हा एकदा बदला. काही गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत पंपासोबतच असतो, मागच्या सीटखालचे झाकण उघडावे लागते. ते काम करताना पंपाच्या वायरींचे प्लगही बघून घ्या. तिथे प्लॅस्टिक पिवळे-तपकिरी पडलेले दिसले तर तो जोड तापतो आहे, पंपासोबत तोही बदलायचा.